पावसाळ्यातील लहान पागा: पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामांचा क्रम

महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा, माथेरान किंवा मावळ-मुळशीच्या पट्ट्यात दोन ते पाच घोडे बाळगणाऱ्या माणसाला जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत ओलीशी झुंजावे लागते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच कोसळतो. माथेरानात मोटारींना बंदी असल्यामुळे तेथे घोडा हा हौसेचा नव्हे, पोटापाण्याचा विषय आहे, आणि तो एक आठवडा जरी लंगडला तरी घरच्या हिशेबात त्याची नोंद होते.

धडधाकट घोडा केवळ भिजला म्हणून सहसा आजारी पडत नाही. एखादी सर अंगावर घेतली आणि नंतर वारा लागला, तर तो थोड्याच वेळात कोरडा होतो. त्याचे खूर, कातडी, चारा आणि पायाखालची जमीन यांना दिवसचे दिवस वाळायला सवडच मिळाली नाही, की मात्र दुखणी सुरू होतात. म्हणून पावसाळ्यातील रोजच्या कामांचा क्रम असा लावावा, की चोवीस तासांतले काही तास तरी या चारही गोष्टी कोरड्या राहतील. पुढील मार्गदर्शन सुमारे ३०० ते ३५० किलो वजनाचा काठियावाडी, मारवाडी किंवा देशी घोडा आणि घरचीच एक-दोन माणसे कामाला, असे गृहीत धरून लिहिले आहे.

पाऊस लागण्यापूर्वी उरकायची कामे

मे महिन्यात तीन गोष्टी झाल्या नसतील, तर पुढची रोजची मेहनत बरीचशी वाया जाते. पहिली गोष्ट पाण्याच्या वाटेची. पागेची जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा निदान वीतभर उंच असावी, पत्र्याच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात आणि त्यांच्याखाली चर खणून पाणी उताराकडे काढून द्यावे. छप्पर गळत नसूनही आतली जमीन ओली राहत असेल, तर पाणी बहुधा वरून नव्हे, भिंतीच्या पायातून येत असते. अशा वेळी पत्रे बदलण्यावर खर्च करण्याआधी मागच्या बाजूचा चर खोल करून पाहावा. वाऱ्याच्या बाजूने झड आत येऊ नये म्हणून ताडपत्री किंवा झावळ्यांची झडप बांधावी, परंतु तिच्या वर दीड-दोन फूट जागा मोकळी सोडावी. सगळीकडून बंद केलेल्या पागेत लिदीच्या व मुताच्या वाफेने अमोनियाचा उग्र दर्प कोंडतो आणि घोड्याची फुफ्फुसे पावसापेक्षा त्यानेच लवकर बिघडतात.

दुसरी गोष्ट वैरणीच्या साठ्याची. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे वर सांगितलेल्या घोड्याला साधारण सात किलो. चार महिन्यांचा हिशेब साडेआठशे किलोंच्या आसपास जातो आणि नासाडी धरून घोड्यामागे एक टन वाळले गवत उन्हाळ्यातच भरून ठेवावे लागते, कारण जुलैत मिळणारे गवत महाग तर असतेच, शिवाय ते अर्धे ओलेही असते. हे गवत जमिनीवर न रचता लाकडी माचावर किंवा विटांवर टाकलेल्या फळ्यांवर रचावे, आणि भिंत व गंजी यांमध्ये हात जाईल इतके अंतर ठेवावे. तिसरी गोष्ट पशुवैद्यांची भेट. धनुर्वाताची लस, जंतांचे औषध आणि नालबंदाचा हात हे सगळे पहिल्या पावसाआधी उरकून घ्यावे. धनुर्वाताच्या बाबतीत घोडा हा फारच नाजूक प्राणी आहे, आणि पावसाळ्यात तर खिळे, पत्र्याचे तुकडे व काटे चिखलाखाली दडलेले असतात.

पहाट: हात लावण्याआधी पाहावे

पहाटे पागेत शिरताच लगेच झाडू किंवा तोबरा (दाणा खाऊ घालायची पिशवी) हाती घेण्याचा मोह टाळावा. पहिली पाच मिनिटे फक्त पाहण्याची असतात, कारण रात्री काय घडले याच्या खुणा एकदा झाडलोट झाली की पुसल्या जातात. रात्रीची वैरण संपली आहे की तशीच पडली आहे, बादलीतले पाणी किती उतरले, लीद किती ठिकाणी आणि कशी पडली आहे, आणि घोडा चारही पायांवर सारखा भार देऊन उभा आहे की एक पाय सतत उचलून धरतो आहे, हे सगळे नीट पाहून घ्यावे. एक मागचा पाय सैल सोडून डुलकी घेणे ही घोड्याची नेहमीची सवय आहे. पुढचा पाय पुढे टाकून त्यावरचा भार चुकवणे ही मात्र दुखण्याची खूण समजावी.

लीद कमी पडली असेल, वैरण तशीच असेल आणि घोडा वळून वळून आपल्या कुशीकडे पाहत असेल, तर पोटशुळाची शंका घ्यावी. घोड्याला उलटी करता येत नाही; पोटात गेलेला खराब घास पुढेच सरकावा लागतो, आणि म्हणूनच माणसाच्या पोटदुखीइतका वेळ येथे हाती नसतो. ज्या घोड्याविषयी शंका वाटेल त्याचे तापमान गुदद्वारात थर्मामीटर ठेवून मोजावे. विश्रांतीत असलेल्या मोठ्या घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ ते १०१.३ अंश फॅरेनहाइट असते. नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. नाडी जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या रक्तवाहिनीवर बोटे ठेवून मोजता येते. घोडा धडधाकट असतानाच ही जागा शोधण्याचा सराव करून ठेवावा.

पाणी, वैरण आणि चंदी

पाहणी झाल्यावर आधी पाणी, मग वैरण आणि सर्वांत शेवटी चंदी, म्हणजे हरभऱ्यासारखा दाणा, हा क्रम मोडू नये. घोडा दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी पितो, पण गार आणि दमट हवेत तो कमी पितो. त्याच वेळी तो कोरडे गवत खात असेल आणि बांधून उभा असेल, तर आतड्यात चाऱ्याचा गोळा अडकण्याचा धोका वाढतो. म्हणून रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ चंदीत घालावे किंवा सैंधवाचा खडा गव्हाणीत टांगावा, म्हणजे तहान लागते. पावसाळ्यात उघड्या विहिरीत आणि ओढ्यात गोठ्यांचे, उकिरड्यांचे पाणी वाहून येते. गढूळ पाणी तुरटी फिरवून, निवळून मगच द्यावे आणि दगडी कुंड असेल तर ते दोन-तीन दिवसांनी घासून काढावे, कारण त्याच्या कडेला धरलेले शेवाळ आणि तळाशी साचलेल्या अळ्या घोड्याला पाण्यापासून परावृत्त करतात.

प्रत्येक घोड्याची बादली वेगळी ठेवावी. चार घोड्यांना एकाच कुंडावर नेणे सोपे असते हे खरे. परंतु नाकातून वाहणाऱ्या स्रावावाटे पसरणारे आजार अशा सामायिक पाण्यातूनच पागेभर होतात. यांतला ग्लँडर्स हा माणसालाही होणारा आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेला आजार २००६ मध्ये पुणे आणि पाचगणी परिसरातल्या घोड्यांमध्ये आढळला होता. पाहुणा म्हणून आलेल्या, विकत घेतलेल्या किंवा यात्रेहून परतलेल्या घोड्याला तर काही आठवडे वेगळी बादली, अंग घासण्याचा वेगळा खरारा आणि शक्य असल्यास वेगळे छप्पर द्यावे.

वैरण देण्यापूर्वी प्रत्येक पेंढीत हात घालून पाहावा. आत ऊब लागली, बोटांना चिकटा जाणवला, पेंढी झटकताच पांढरी-करडी धूळ उडाली किंवा कुबट वास आला, तर ती पेंढी सरळ बाजूला काढावी. बुरशी लागलेला भाग तोडून उरलेला घोड्याला घालण्याची काटकसर करू नये, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुष्कळ पुढे गेलेले असतात. असे गवत घोड्याने खाल्ले तर पोटशूळ होतो आणि नुसते हुंगत राहिला तरी जुनाट खोकला जडतो. मक्याच्या बाबतीत अधिकच सावध राहावे. बुरशी लागलेल्या मक्यातले विष घोड्याच्या मेंदूवर जाते आणि त्यावर इलाज नाही. शेंगदाण्याची पेंड पावसाळ्यात लहान पागेने टाळलेलीच बरी. गवत जरासे धुळकट असेल, बुरशीचे नसेल, तर देण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडावे आणि ओले केलेले गवत त्याच वेळी संपेल एवढेच घालावे.

पहिल्या पावसानंतर डोंगर हिरवा झाला की फुकटचा हिरवा चारा घोड्याला पोटभर घालण्याची सगळ्यांनाच घाई होते, आणि जून-जुलैतले पोटशुळाचे बरेच प्रसंग या घाईतून ओढवतात. घोड्याच्या आतड्यातले जंतू कोरड्या गवताला सरावलेले असतात; त्यांना बदलासाठी दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात. सुरुवात मूठ-दोन मुठींनी करावी, सकाळचे कोरडे गवत खाऊन झाल्यावरच हिरवे द्यावे आणि रोज थोडे थोडे वाढवत न्यावे. हराळी आणि मारवेल ही गवते घोड्याला चांगली मानवतात. हिरवी ज्वारी मात्र, गुरांना घालतात म्हणून, घोड्याला घालू नये. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचे विष असते, आणि ती बरेच दिवस खाणाऱ्या घोड्याचे मूत्राशय व मागचे पाय निकामी झाल्याचे पाहण्यात येते. कापून आणलेल्या भाऱ्यात घाणेरी, धोतरा किंवा गाजरगवत आले आहे का, हे भारा सोडून, पसरून पाहावे. भाऱ्यातच दडपून ठेवलेले ओले गवत काही तासांत तापते. ते तसे तापू देऊ नये.

आता चंदी. पर्यटकांचा हंगाम संपला की घोडा उभा राहतो, पण त्याचा तोबरा मात्र एप्रिल-मेइतकाच भरला जातो. काम बंद आणि हरभरा चालू, या अवस्थेत काही दिवस गेलेला घोडा एखाद्या उघडिपीच्या दिवशी एकदम पळवला, तर त्याच्या पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते आणि तो जागीच थिजतो. काही घोड्यांच्या बाबतीत याच जादा चंदीचा परिणाम खुरांच्या आत होतो आणि तो त्यांना कायमचे अधू करतो. काम नसेल त्या दिवसापासून चंदी निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणावी आणि ती तूट गवताने भरून काढावी. गव्हाचा कोंडा रोज भरपूर घालण्याची जुनी पद्धतही आवरती घ्यावी, कारण कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे असते, आणि त्याचा परिणाम महिन्यांनी हाडांवर दिसतो. रात्रभर भिजवलेला हरभरा या हवेत सकाळपर्यंत आंबूस होऊ लागतो. तो पहाटे भिजवून दुपारी द्यावा, किंवा रात्री दोनदा पाणी बदलावे.

लीद, मूत आणि पायाखालची जमीन

घोडे गवताला लागले की पागा साफ करायला घ्यावी. शक्यतो घोडा बाहेर पडवीत बांधून मगच आत हात घालावा. उभ्या घोड्याभोवती काम करताना ओला कोपरा नेमका त्याच्या पायाखाली राहून जातो. या वजनाचा घोडा दिवसाला पंधरा किलोंच्या आसपास लीद टाकतो आणि कित्येक लिटर मूत्र सोडतो, आणि खुरांचे खरे नुकसान लिदीपेक्षा त्या मुताने भिजलेल्या थराने होते. वरची कोरडी शय्या फावड्याने एका भिंतीला लावावी, ओला थर पूर्ण खरवडून बाहेर काढावा, उघड्या जमिनीवर विझलेल्या चुन्याची फक्की पातळ भुरभुरावी आणि ती ओल शोषून घेईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास तरी, जमीन तशीच वाऱ्याला सोडावी. कळीचा चुना वापरू नये, कारण ओलीशी गाठ पडताच तो तापतो आणि खूर व कातडी भाजतो. जमीन वाळल्यावर भिंतीला लावलेली शय्या मध्ये आणावी व नवी कडेने भरावी.

शय्येसाठी साळीचा पेंढा सगळीकडे मिळतो, पण दमट हवेत तो लवकर कुजतो आणि भुकेला घोडा तो खातोही. लाकडी भुसा ओल अधिक शोषतो. मात्र तो सुतारकामाच्या वखारीतून आणताना रंग, रसायन मारलेले लाकूड किंवा खिळे त्यात नाहीत ना, याची खात्री करावी. भाताचे तूस स्वस्त पडते, परंतु धूळ फार करते. माझ्या मते घाटमाथ्यावर भुसा खाली आणि पेंढ्याचा पातळ थर वर, ही जोडी सर्वांत टिकते. जमीन मुरमाची असेल तर चारही खुरांखाली पडणारे खड्डे आठवड्यातून एकदा कोरडा मुरूम घालून धुम्मसाने ठोकावेत. फक्त वरून शय्या वाढवत गेल्यास त्या खड्ड्यांत मूत साठून राहते आणि घोडा दिवसरात्र त्यात उभा राहतो.

काढलेली लीद पागेच्या दाराशी न टाकता पागेकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला आणि पाण्याच्या चरापासून दूर न्यावी, उंच ढीग करून दाबावी आणि ताडपत्रीने झाकावी. झाकलेला ढीग आतून चांगला तापतो आणि त्यात माशांच्या अळ्या व जंतांची अंडी मरतात. पसरलेल्या, भिजणाऱ्या लिदीत मात्र माशी आठवडा-दहा दिवसांत आपली नवी पिढी उडवते. याच माशा घोड्याच्या जखमेवर, डोळ्याच्या ओल्या कोपऱ्यात किंवा ओठाच्या चिरेत जंताच्या अळ्या सोडतात आणि मग तेथे बरसाती होते, म्हणजे लालसर, दाणेदार, न भरून येणारी आणि सतत खाजणारी जखम. बरसातीवर मलम लावत बसण्यापेक्षा ढीग झाकणे स्वस्त पडते. पावसाळ्यात छोटीशी खरचटदेखील रोज धुऊन माशी बसणार नाही अशी झाकावी.

हे काम करणाऱ्या माणसाने गमबूट आणि हातमोजे घालावेत. चंदीच्या वासाने पागेत उंदीर येतात आणि त्यांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून लेप्टोस्पायरोसिस पायाच्या भेगांवाटे माणसाला होतो. अनवाणी पायांनी लीद काढल्यानंतर ताप, डोळ्यांत लाली आणि पोटऱ्यांत कळा आल्यास दवाखान्यात जाऊन आपण काय काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चंदी पत्र्याच्या, घट्ट झाकणाच्या पिंपातच ठेवावी. घोड्यालाही हा आजार होतो आणि त्याने डोळ्याला वारंवार सूज येऊन दृष्टी जाऊ शकते.

खूर

सगळ्या कामांत पावसाळ्यातली सर्वाधिक मिनिटे खुरांना द्यावीत. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, चारही खूर उचलून पाहावेत. घोड्याच्या खांद्याशी उभे राहून हात पायावरून खाली सरकवत न्यावा, त्याने भार सोडला की खूर तळहातावर घ्यावा आणि खूर साफ करण्याच्या आकडीने टाचेकडून टोकाकडे चिखल काढावा. आकडी उलट्या दिशेने ओढली तर ती मधल्या मऊ भागात घुसते. तळव्याच्या मध्ये टाचेकडे रुंद आणि टोकाकडे निमुळता होत जाणारा जो त्रिकोणी भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा आणि टाचेजवळची मधली घडी यांतच कुजण्याची सुरुवात होते. म्हणून नुसता वरचा चिखल पाडून खूर खाली ठेवणे म्हणजे तो न पाहण्यासारखेच आहे. खाचांतला चिखल निघाल्यावर कडक केसांच्या ब्रशने त्या घासाव्यात आणि नाक जवळ नेऊन वास घ्यावा.

निरोगी त्रिकोणी भाग घट्ट असतो, अंगठ्याने दाबल्यास किंचित दबतो आणि त्याला मातीपलीकडे वास नसतो. खाचेतून काळपट, चिकट पू येत असेल, कुजका दर्प येत असेल आणि दाबताच घोडा पाय ओढून घेत असेल, तर खूर कुजू लागला आहे असे समजावे. हवा न लागणाऱ्या ओल्या जागी वाढणाऱ्या जंतूंचे हे काम असते, आणि त्यामुळे उपचाराचा अर्धा भाग हवा आणि कोरडेपणा हाच असतो. खूर पाण्याने व पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने धुवावा, जुन्या सुती कापडाने खाचांसह पुसून कोरडा करावा आणि आयोडीनमध्ये बुडवून पिळलेला कापसाचा बोळा खाचेत बसवावा. तो रोज बदलावा. मोरचूद वापरायचा असेल तर अगदी पातळ द्रावणातच. त्याची पूड जिवंत मांसावर दाबल्यास ते जळते आणि जखम आणखी खोल जाते. लोंबणारे मेलेले पापुद्रे नालबंदाकडून किंवा पशुवैद्यांकडून कापून घ्यावेत, घरच्या सुरीने नव्हे.

औषधापेक्षाही महत्त्वाचे काम यानंतरचे आहे. खूर साफ केलेला घोडा निदान दोन तास कोरड्या, कठीण जमिनीवर उभा राहिला पाहिजे. त्यासाठी पडवीत फरशीचा, जांभ्याच्या चिऱ्यांचा किंवा ठोकलेल्या मुरमाचा एक तुकडा पावसापासून राखून ठेवावा आणि घोड्यांना पाळीपाळीने तेथे बांधावे. खुरांना तेल लावण्याची पद्धत आहे, परंतु ओल्या खुरावर तेल चोपडल्यास आतली ओल आतच कोंडते. तेल लावायचेच तर खूर खडखडीत वाळल्यावर. सतत भिजून मऊ झालेल्या खुरात नालाचे खिळे सैल होतात, म्हणून पावसाळ्यात नालबंदाला पाच-सहा आठवड्यांहून अधिक उशिरा बोलावू नये, आणि रोज खूर उचलल्यावर नाल हाताने हलवून पाहावा. काल ठीक असलेला घोडा आज तीन पायांवर आला, खूर हाताला गरम लागला आणि त्याच्या वरच्या बाजूला नाडी जोरात उडताना जाणवली, तर खुरात पू धरल्याची शक्यता असते. त्याची वाट मोकळी करून देण्याचे काम पशुवैद्यांचे आहे. ते येईपर्यंत खूर कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि धनुर्वाताची लस कधी दिली होती याची नोंद काढून ठेवावी.

कातडी, खरारा आणि झूल

भिजून आलेल्या घोड्याच्या अंगावरचे पाणी आधी घाम निपटण्याच्या पट्टीने उतरवावे, मग गोणपाटाने किंवा पेंढ्याच्या बोळ्याने चोळून केस उभे करावेत, म्हणजे हवा कातडीपर्यंत पोहोचते. ओल्या चिखलावर खरारा फिरवू नये; त्याने मातीचे कण कातडीत घासले जातात आणि जंतूंना वाट मिळते. पायावरचा चिखल रोज पाण्याने धुण्यापेक्षा तो वाळू देऊन ब्रशने झाडणे अधिक चांगले. धुतलाच, तर टाचेच्या वरची घडी कापडाने पूर्ण कोरडी करूनच घोडा आत घ्यावा. पांढऱ्या पायांच्या घोड्यांची कातडी नाजूक असते, तेथे अधिक लक्ष द्यावे.

पाठीवर, पुठ्ठ्यावर आणि खोगिराच्या जागी बोटे उलट्या दिशेने फिरवून पाहावे. केसांखाली बारीक खडबडीत खपल्या लागल्या आणि त्या उचलताच केस रंगाच्या कुंचल्यासारखे झुपक्याने निघून आले, खाली गुलाबी ओलसर कातडी दिसली, तर तो डर्माटोफिलस नावाच्या जंतूचा संसर्ग असतो. खपल्या कोमट पाण्याने मऊ करून हलक्या हाताने काढाव्यात आणि जाळून टाकाव्यात, कारण जंतू त्यांच्यात बरेच दिवस जिवंत राहतो. ती जागा क्लोरहेक्झिडीनच्या पातळ द्रावणाने भिजवून दहा मिनिटे ठेवावी, धुवावी आणि पूर्ण वाळवावी. त्यावर खोबरेल तेल, हळद किंवा जाड मलम थापण्याचा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो चुकीचा आहे. हवा बंद झाली की हा जंतू उलट फोफावतो. भाग मोठा असेल, घोड्याला ताप असेल किंवा पाय सुजला असेल, तर प्रतिजैविकांचा निर्णय पशुवैद्यांवर सोपवावा. त्या घोड्याचा खरारा, झूल आणि तंग (खोगिराचा पोटपट्टा) दुसऱ्याला वापरू नयेत.

झूल कोरड्या घोड्यावर घालावी. भिजलेल्या पाठीवर प्लॅस्टिक टाकून वर झूल बांधणे ही माया नव्हे, कारण खाली घाम आणि पाणी कोंडून कातडी उबते. पावसाळ्यात आपल्याकडे थंडीपेक्षा कोंदटपणा अधिक असतो. म्हातारा, आजारी किंवा फार रोडावलेला घोडा आणि लहान शिंगरू सोडले, तर इतरांना झुलीची गरज क्वचितच पडते.

खोगीर, लगाम आणि तंग हे कातडी सामान रोज कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर टांगावे व आठवड्यातून एकदा साबण लावून, सावलीत वाळवून हलके तेल द्यावे. चुलीजवळ वाळवलेले कातडे तडकते, आणि ते नेमके चढणीवर तुटते. खोगिराखालची गादी ओली असताना घोडा कामाला लावू नये. तिने एका दिवसात पडलेली जखम भरायला महिना घेते.

उघडीप मिळाली की

पावसाने तासभर जरी उसंत दिली, तरी घोडे बाहेर काढावेत. चाललेल्या घोड्याची आतडी चालतात आणि पायांवरची सूज उतरते. पागेच्या दाराशी आणि फाटकाशी जेथे खूर रुतून राड होते, तेथे माती टाकून उपयोग नसतो; वरचा चिखल खरवडून खाली दगड, वर खडी आणि त्यावर मुरूम, असा थर द्यावा. जांभ्याच्या वाटांवर जुलैनंतर शेवाळ धरते आणि नाल मारलेला घोडा त्यावर घसरतो, म्हणून तेथे चुना व जाड वाळू टाकावी आणि घोडा हाताने धरून चालवावा. ढग गडगडत असतील तर एकट्या झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ घोडा बांधू नये. पागेतल्या विजेच्या वायरी पाइपातून न्याव्यात आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा सुरक्षा स्विच बसवावा. ओल्या जमिनीवर नाल मारून उभ्या असलेल्या घोड्याला, माणसाला केवळ चुरचुर वाटेल एवढा प्रवाहही घातक ठरतो.

संध्याकाळ आणि रात्र

संध्याकाळी खूर पुन्हा पाहून झाले की माश्या, डास आणि गोचिडांकडे वळावे. कान, आयाळीचे मूळ, शेपटीखालचा भाग आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस हात फिरवून गोचीड शोधावेत, चिमट्याने कातडीलगत धरून उपटावेत आणि रॉकेल किंवा स्पिरिटमध्ये टाकावेत. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी द्यायची असेल तर घोडे बाहेर असताना द्यावी, कारण कोंडलेला धूर डासांपेक्षा घोड्यालाच जास्त बाधतो. दारा-खिडक्यांना जाळी आणि छताला पंखा हा त्याहून खात्रीचा उपाय आहे. साचलेले पाणी, टाकून दिलेली टायरे आणि फुटक्या बादल्या रोज पालथ्या कराव्यात.

हा खटाटोप केवळ घोडा त्रासू नये म्हणून नाही. गुरांच्या पोटात राहणाऱ्या एका जंताची पिल्ले डासांमार्फत घोड्यात येतात आणि भरकटत पाठीच्या कण्यात शिरली की घोड्याचे मागचे धड लुळे पडते; यालाच कुमरी म्हणतात आणि पावसाच्या अखेरीस तिचे प्रमाण वाढते. गोठा आणि पागा एकाच छपराखाली असेल तेथे हा धोका अधिक असतो, तेव्हा प्रतिबंधक औषधाविषयी पशुवैद्यांना ऑगस्टमध्येच विचारावे. रक्त पिणाऱ्या मोठ्या माशांमुळे होणारा सर्रा हा आजारही याच सुमारास दिसतो. ताप येऊन जाऊन असणे, खाऊनही घोडा वाळत जाणे, पोटाखाली आणि पायांवर सूज येणे या त्याच्या खुणा आहेत. पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये आजच्या पाकिस्तानातील डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात याचा परजीवी शोधला, आणि आजही निदानाची सुरुवात रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यानेच होते. म्हणून न उतरणाऱ्या किंवा उलटून येणाऱ्या तापावर अंदाजाने इंजेक्शने देत न बसता रक्त तपासून घ्यावे.

रात्री नऊ-दहाच्या सुमारास शेवटची फेरी मारावी आणि दिवसभराच्या गवताचा मोठा वाटा या वेळी घालावा. घोड्याचे जठर लहान असते आणि ते फार वेळ रिकामे राहिल्यास आम्लाने त्यात जखमा होतात, म्हणून पहाटेपर्यंत पुरेल इतके गवत समोर असणे बरे. पाणी भरावे, छपराला नवी गळती लागली आहे का ते विजेरीने पाहावे आणि बांधलेला दोर पायात अडकणार नाही एवढाच ढिला ठेवावा.

या फेरीत एक वही सोबत असावी. प्रत्येक घोड्यापुढे गवत संपले की नाही, लीद, खुरांची स्थिती, शंका आल्यास तापमान आणि दिलेले औषध एवढेच लिहावे. घोडा वारंवार लोळत असेल, नाडी विश्रांतीत साठच्या वर गेली असेल, बारा तासांत लीद पडली नसेल, मागचे धड डगमगत असेल किंवा जबडा व शेपूट ताठ झाली असेल, तर सकाळची वाट पाहू नये. नेहमीच्या पशुवैद्यांना लगेच फोन करावा, आणि ते मिळत नसतील तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक लावावा. घाटात दरड पडून रस्ता बंद होण्याची शक्यता असेल अशा रात्री हा फोन नेहमीपेक्षा लवकर करावा, आणि वहीतल्या नोंदी समोर ठेवूनच बोलावे, म्हणजे पशुवैद्यांना वाटेत असतानाच काय औषध सोबत लागेल हे ठरवता येते.